शुगर लो झाली, आता घरच्यांचं काम

‘मला काही झालेलं नाही, मला काही नको!’ असं शांत स्वभावाचा मधुमेही अचानक खेकसला, तर वाद घालत बसू नका. ग्लुकोमीटर काढा, तो हाताशी नसेल तर थेट साखर द्या. मेंदूचं इंधन मुख्यतः ग्लुकोज. ते तुटलं की निर्णय घेणारा अवयवच डळमळतो. म्हणून लो शुगरचं शिक्षण रुग्णाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, घरच्यांना हवं.

डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमखालची साखर म्हणजे धोक्याची सूचना; ५४ खाली प्रकरण गंभीर. आधी दरदरून घाम, थरथर, धडधड, भूक; मग गोंधळ, बोबडं बोलणं. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो.

उपाय सोपा आहे: १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अजून ७० खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. इथे आपला पाहुणचार आड येतो. पेढा, लाडू, चॉकलेट पुढे केलं जातं, पण त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. ही औषधं साध्या साखरेचं आतड्यातलं विघटनच मंदावतात. तिथे ग्लुकोजची पावडरच हवी. आपल्याकडे या गोळ्या सर्रास दिल्या जातात, त्यामुळे चिठ्ठी देतानाच हे सांगायला हवं.

संकष्टीला सकाळची ग्लिमेपिराइड नेहमीसारखी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही, हा ठरलेला सापळा. गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, उपवास असो वा नसो. उपवासाआधी डॉक्टरांशी डोस ठरवून घ्यावा. या गटातल्या गोळ्यांचा असर लांबतो, म्हणून सावरलेला माणूस काही तासांनी पुन्हा घसरू शकतो. साखरेनंतर पोळी किंवा भात खायला द्यायचा आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. ते फुप्फुसात जाऊ शकतं. कुशीवर झोपवा, १०८ला फोन करा. घरात ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल तर ते द्या. यकृतात साठवलेली साखर ते रक्तात सोडतं. कसं टोचायचं, हे मात्र डॉक्टरांकडून आधीच शिकून ठेवावं.