वीट काढा, मग दार बदला

उंच इमारतींच्या जिन्यात एखाद्या तरी मजल्यावर हमखास दिसतं: दोन तासांचं प्रमाणपत्र असलेलं फायर डोअर आणि ते उघडं ठेवायला खाली सरकवलेला विटेचा तुकडा. दार बदलायचं ठरलं की सोसायटीच्या बैठकीत ‘किती मिनिटांचं घ्यायचं?’ एवढीच चर्चा होते. खरं तर आधी विचारायला हवं, की हात सोडल्यावर ते लॅच लागेपर्यंत आपसूक बंद होतं का? चाचणीच्या भट्टीत अर्ध्या तासात 842 अंश आणि दोन तासांत 1049 अंश सेल्सिअस तापमान गाठलं जातं, पण तिथे चौकट, पल्ला, बिजागऱ्या, लॅच सगळं एकत्र आणि बंद अवस्थेत तपासतात. म्हणून जुन्याच चौकटीत नवा पल्ला बसवला की ते प्रमाणपत्र लागू राहीलच असं नाही. कडेची फट तीन-चार मिलिमीटरच हवी. तिथे बसवलेली पट्टी उष्णतेने फुगून ती बुजवते, पण साधारण 200 अंशांच्या आसपास. धूर त्याच्या कितीतरी आधी, थंडच, आत शिरतो. त्याला अडवायला ब्रशची किंवा रबराची वेगळी सील लागते. खरेदीत हीच सील सर्रास विसरली जाते, आणि आगीत बहुतेक जीव धुरानेच जातात.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला 2017 साली लागलेल्या आगीत 72 माणसं गेली. मुख्य दोष बाहेरच्या आवरणाचा होता. पण चौकशीच्या 2019 च्या अहवालाने हेही नोंदवलं, की क्लोजर, म्हणजे दार आपोआप बंद करणारं यंत्र, नसल्याने वा नादुरुस्त असल्याने अनेक दारं बंद झाली नाहीत आणि धूर पसरला. जानेवारी 2023 पासून इंग्लंडमध्ये 11 मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींतली सामाईक दारं दर तीन महिन्यांनी तपासणं सक्तीचं आहे.

रहिवाशांची तक्रार खोटी नाही. दार बंद असलं की जिन्यात कोंदट होतं, आणि ज्येष्ठांना ते जड जातं. पण क्लोजरचा जोर स्क्रूने कमी-जास्त करता येतो, आणि अलार्म वाजताच दार सोडणारे चुंबकी होल्डर मिळतात. खर्चाचं म्हणाल, तर क्लोजर आणि सील अख्ख्या दाराच्या मानाने स्वस्त. सुरुवात तिथून करा. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. या वेळी सही करण्याआधी प्रत्येक मजल्यावरचं दार उघडून सोडायला लावा, आणि लॅचचा आवाज स्वतः ऐका.