वाढवणच्या किनाऱ्यावर कॅमेरा: किती स्पष्ट, किती धूसर

डहाणू तालुक्यातील वाढवणचे नाव गेली काही वर्षे वर्तमानपत्रांत सतत येते आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथल्या बंदराला मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याची पायाभरणी झाली. प्रकल्प ७६,२२० कोटी रुपयांचा आहे आणि समुद्रात मोठा भराव घालून तो उभा राहायचा आहे. मच्छीमारांचा विरोध जुना आहे. कोणाची बाजू कोणतीही असो, किनारा आज दिसतो तसाच पुढे दिसेल असे कोणी म्हणणार नाही.

म्हणूनच आम्ही मुलांना सांगतो, हातात मोबाइल आहे तर फोटो काढून ठेवा. मुले काढतातही. पण त्या फोटोंत चेहरा लख्ख असतो आणि मागचा किनारा मात्र मलईसारखा विरघळलेला. होडी कुठली, खडक कुठला, काही कळत नाही. हाच फोटो मुंबईच्या एखाद्या बागेत काढला असता तरी चालले असते! हा दोष मुलांचा नाही. किती भाग स्पष्ट ठेवायचा हे ठरवता येते, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. छायाचित्रकार याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. मराठीत आपण ‘स्पष्टतेची खोली’ म्हणू. कॅमेऱ्यापासून किती अंतरावर स्पष्टता सुरू होते आणि कुठे संपते, तेवढा हा पट्टा.

स्वयंपाकघरात बसून एक प्रयोग करून पाहा. जाड कागदाला सुईने बारीक भोक पाडा. चष्मा असल्यास तो काढा आणि हे मासिक डोळ्याच्या इतके जवळ आणा की अक्षरे फिसकटतील. आता त्या भोकातून पाहा. अक्षरे वाचता येतील, मात्र उजेड कमी झालेला असेल. चष्मा विसरलेली दादी डोळे बारीक करून बसची पाटी वाचते, तेव्हा ती हेच करत असते.

कारण सोपे आहे. भिंग ज्या अंतरावर जुळवले आहे तिथला ठिपका ठिपक्यासारखाच उमटतो. त्याच्या पुढच्या-मागच्या वस्तूंचा प्रत्येक ठिपका पसरून चकती होतो. प्रकाश येण्याचे छिद्र मोठे असले तर चकती मोठी, म्हणजे जास्त धूसर. छिद्र लहान केले की चकती आक्रसते आणि डोळ्याला ती ठिपक्यासारखीच वाटते.

छिद्राच्या आकाराचा हा खेळ हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी बारकाईने पाहिला होता. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या विद्वानाचा ‘किताब अल-मनाझिर’ हा ग्रंथ प्रकाशशास्त्राचा पाया मानला जातो. ग्रहणाच्या वेळी सूर्याची कोर छिद्रातून पडद्यावर पाडली, तर छिद्र मोठे असताना गोल डाग दिसतो आणि अगदी लहान असतानाच चंद्रकोर उमटते, हे त्यांनी लिहून ठेवले. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण होते. अशा वेळी चिकूच्या वाडीत पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे कवडसे कोरींच्या आकाराचे होतात. (जाता जाता: ‘कॅमेरा’ हा शब्द अरबी ‘कमरा’वरून आला, असे मोबाइलवर फिरत असते. ते खरे नाही. शब्द लॅटिन आहे. इब्न अल-हैसम यांचे मोठेपण सिद्ध करायला त्याची गरजही नाही.)

आता थोडा हिशेब. कॅमेऱ्यावर एफ/२, एफ/८, एफ/१६ असे आकडे असतात. भिंगाच्या नाभीय अंतराला या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ/२ वर २५ मिलिमीटर, एफ/१६ वर जेमतेम ३. म्हणून आकडा मोठा तर छिद्र लहान. इथे नवशिका हमखास गोंधळतो. याच भिंगाने पूर्ण आकाराच्या सेन्सरवर दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो एफ/२ ने काढला, तर स्पष्ट पट्टा सुमारे ११ सेंटिमीटरचा. डोळे स्पष्ट, पण कानांमागचे सारे विरघळू लागलेले. एफ/११ ला तोच पट्टा ६० सेंटिमीटरच्या आसपास जातो. छिद्र तेच ठेवून आपण तीन मीटरवर सरकलो, तर पट्टा जवळपास चौपट होतो. दोन पावले मागे जायला पैसे पडत नाहीत, म्हणून आम्ही आधी तेच सुचवतो.

लहान छिद्राची किंमत उजेडात मोजावी लागते. एफ/२ वरून एफ/१६ वर गेलो की प्रकाश ६४ पटींनी घटतो. आधी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात होणाऱ्या फोटोला आता तिसावा भाग लागतो. तेवढ्यात लाट हलते, हातही हलतो. भरदुपारी किनाऱ्यावर हे निभावते, मगरिबच्या सुमारास नाही.

जवळून काढायच्या फोटोत तर हा पट्टा फारच कंजूस होतो. वाढवण, वरोर, चिंचणी या गावांत दागिन्यांचे साचे कोरणारे डायमेकर आहेत. लोखंडावर नखाएवढी नक्षी कोरणाऱ्या अशा हातांचा फोटो अगदी जवळून घेतला, तर छिणीचे टोक स्पष्ट येते आणि बोटे धूसर. अशा वेळी साचा आणि बोटे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील असे उभे राहावे. खिडकीशी उजेड घ्यावा आणि छिद्र लहान करावे. निकाहच्या वेळी मेंदीच्या हातांचा फोटो काढतानाही हीच युक्ती चालते.

मोबाइलची गोष्ट उलटी आहे. त्याचे भिंग आणि सेन्सर इतके लहान, की काही मीटरपलीकडचे सारे आपोआप स्पष्ट येते. पोर्ट्रेट मोडमधली धूसरता बरीचशी हिशेबाने मागाहून फासलेली असते. म्हणून जाळ्याची भोके, ओढणीची झालर, केसांच्या बटा यांपाशी ती चुकते आणि जाळे अर्धवट पुसून टाकते. मच्छीमाराचा फोटो आणि जाळेच गायब! किनाऱ्यावर तरी हा मोड बंद ठेवा.

साधा कॅमेरा असेल तर २८ मिलिमीटरचे भिंग, एफ/११ आणि फोकस अडीच मीटरवर. मग साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. जाळे विणणारी बाई, मागे ओढलेली होडी, ओहोटीला उघडा पडलेला खडक, सारे एकाच चौकटीत. याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे पाहा. त्यांत धूसर असे काही नसते. माणूस, झाड, जाळे, सारे सारख्याच नेमकेपणाने येते. मागचे पुसून पुढच्याला मोठे करणे ही सवय आम्हाला तरी फोटो स्टुडिओतून आलेली वाटते.

फोटोआधी माणसाची परवानगी घ्या. नंतर त्याच दिवशी वहीत तारीख, भरती की ओहोटी, आणि आपण कुठे उभे राहून कोणत्या दिशेला पाहत होतो तेवढे लिहा. पुढच्या वर्षी बरोबर त्याच जागी उभे राहून तोच फोटो पुन्हा काढायचा, तर ती वही लागेल.