मेळ्याचा एक दिवस : खर्च की गुंतवणूक?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

पावसाचा जोर ओसरला की आमच्या गावात एक वाद हमखास रंगतो : धारवाडच्या कृषी मेळ्याला जावे की न जावे? "एक दिवस बुडतो, पैसे जातात आणि हाती काय, तर पेढ्याचा पुडा!" असे एक पक्ष म्हणतो. "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळणार कसे?" असे दुसरा विचारतो. आमच्या घरी आई पहिल्या पक्षात, तर आप्पा दुसऱ्या. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून गेल्या वर्षी हा वाद मी वहीत जमा-खर्च मांडून सोडवायचे ठरविले. प्रस्तुत लेख त्या वहीतून आला आहे.

शेतकऱ्यांसाठी मेळा भरविण्याची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील पहिला 'स्टेट फेअर' १८४१ साली न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस येथे भरला. ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला मेळाही आरंभी गुरांचाच होता. धारवाडचे कृषी विद्यापीठ १९८६ साली स्थापन झाले. त्याच्या मेळ्यात पिकांच्या जातींचे प्लॉट, अवजारे, जनावरे, फुले आणि किडेसुद्धा पाहावयास मिळतात. करमणूक होते हे खरे. पण मूळ हेतू शेतकऱ्याने पाहून शिकावे हाच.

आता खर्चाकडे वळू. आम्ही तिघे गेलो. आप्पांचे व माझे जाण्या-येण्याचे बसभाडे ४८० रुपये. जून २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही, म्हणून आईचे भाडे शून्य. भाकरी घरूनच नेली होती. चहा, गिरमिट व मिरची भजी यांना १७० रुपये. पेढे २०० रुपयांचे. एकूण ८५० रुपये.

परंतु हिशेब इथे संपत नाही. अर्थशास्त्रात 'संधी-खर्च' नावाची एक कल्पना आहे. एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागते, तिची किंमत म्हणजे संधी-खर्च. त्या दिवशी आई भांगलणीला गेली असती तर ३०० रुपये आणि आप्पा कोणाच्या कामावर गेले असते तर ५०० रुपये मिळाले असते. हे धरले तर दिवसाची किंमत १६५० रुपये होते. आईचे तिकीट फुकट असले, तरी तिचा दिवस फुकट नव्हता!

मात्र इथेच एक खुबी आहे. आम्ही गेलो तो रविवार होता. भांगलण आटोपली होती, सोयाबीन काढणीला आले नव्हते आणि गावात कोणी मजूर बोलावीत नव्हते. म्हणजे हे ८०० रुपये केवळ कागदावरचे. तोच दिवस ऐन सुगीत गेला असता तर ते खरोखरच बुडाले असते. संधी-खर्च हा ठरीव आकडा नसतो. तो दिवस पाहून बदलतो.

तिसरा खर्च सर्वांत मोठा होता व तो होता होता टळला. भांगलणीच्या यंत्रापाशी आप्पा बराच वेळ रेंगाळले. किंमत ६०,००० रुपये. "मेळ्यापुरती सवलत आहे, आज ५,००० भरा," असे विक्रेता म्हणाला. मी वही काढली. यंत्र सहा वर्षे टिकेल असे धरले तर वर्षाचा घसारा १०,००० रुपये; पेट्रोल व व्याज निराळे. आमच्या दोन एकरांची भांगलण वर्षाला ७,२०० रुपयांत होते. काकांची दोन एकर मिळून यंत्र घेतले तर मात्र मजुरीचे १४,४०० रुपये वाचतील व विचार करण्याजोगे होईल. आप्पांनी पत्रक खिशात घातले व पैसे खिशातच ठेवले.

दुपारी तीन वाजता पाय बोलू लागले. तरी आप्पा म्हणाले, "एवढे पैसे घालून आलोय, सगळं बघूनच जाऊ." गेलेल्या पैशांना 'बुडीत खर्च' म्हणतात. ते थांबूनही परत येत नाहीत व निघूनही नाहीत. पुढच्या तासाभरात काही मिळणार आहे का, एवढेच पाहावयाचे असते. आम्ही निघालो.

मग मिळाले काय? आमच्या सोयाबीनवर दोन वर्षे तांबेरा पडत होता. घरून निघतानाच तो प्रश्न मी चिठ्ठीवर लिहिला होता. तेथील तज्ज्ञांनी विद्यापीठाच्याच 'डीएसबी २१' या तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या जातीचे नाव सांगितले आणि पानांची खालची बाजू तपासत राहण्यास सांगितले. माहितीपत्रक कन्नडमध्ये होते. आप्पांना कन्नड कामापुरते बोलता येते, वाचता येत नाही. पूर्वी आणलेली अशी कितीतरी पत्रके आमच्या माळ्यावर तशीच पडून आहेत. मी शिकलो मराठी शाळेत, पण तिथे कन्नडही विषय होता. त्या रात्री मी पत्रक मराठीत वाचून दाखविले.

यंदा आम्ही ते बियाणे पेरले. दोनऐवजी एकच फवारणी करावी लागली व ९०० रुपये वाचले. पाऊसमानही यंदा निराळे होते, तेव्हा सारे श्रेय बियाण्याला देणे योग्य नव्हे. तरीही ८५० रुपयांची वसुली एका हंगामात झाली, असे वही सांगते.

तात्पर्य, मेळ्याचा दिवस परवडतो की नाही हे बसभाड्यावर ठरत नाही. मोकळा दिवस निवडावा, प्रश्न लिहून न्यावा, मोठी खरेदी त्याच दिवशी करू नये, आणि आणलेले कागद घरातल्या शिकलेल्या मुलाने वा मुलीने वाचून दाखवावेत. शेवटचे काम आपणा विद्यार्थ्यांचे आहे. त्याला काही खर्च पडत नाही.

आई अजून पहिल्याच पक्षात आहे. तथापि यंदाच्या चिठ्ठीवरचा पहिला प्रश्न तिनेच सांगितला. तो म्हशीच्या दुधाविषयी आहे.