‘नऊ तासांवर’ : एका अंतरवाचक प्रयोगाचा विचार

अंतर आणि काळ या भिन्न राशी होत. तथापि ‘गाव किती लांब आहे?’ या प्रश्नास ‘दोन तासांवर’ असे उत्तर मिळाले, तर ते मराठी श्रोत्यास खटकत नाही. हा प्रयोग मोटार व विमान यांच्या युगाचे अपत्य आहे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यामागील दृष्टी बरीच जुनी आहे.

‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ यापासून आला. क्रोश म्हणजे आरोळी. ती जेथवर ऐकू जाई ते अंतर एक क्रोश. ‘हाकेच्या अंतरावर’ या वाक्प्रचारात तीच कल्पना आजही नांदते. ‘योजन’ शब्दाच्या मुळाशी ‘युज्’, म्हणजे जुंपणे, हा धातू आहे. अरबीतून आलेली ‘मजल’ मूळची उतरण्याची जागा; पुढे ती एका दिवसाची वाट झाली. म्हणजे ही मापे मुळात माणसाच्या व जनावराच्या शक्तीची होती. कोसाची लांबी प्रदेशपरत्वे बदलत असे, यात म्हणूनच नवल नाही.

‘वर’ हे शब्दयोगी अव्यय या संदर्भात लक्षणीय आहे. ‘तुळजापूर दहा किलोमीटरांवर आहे’ येथे ते स्थल दर्शविते. ‘परीक्षा आठ दिवसांवर आली’ येथे काल. ‘बसस्थानक दहा मिनिटांवर आहे’ या वाक्यात मात्र परिमाण कालाचे आणि आशय स्थलाचा. गतीचे साधन येथे अध्याहृत असते. वक्ता व श्रोता यांच्या मनांत ते एकच असेल, तोवर अर्थबोधास बाध येत नाही.

ते भिन्न असल्यास काय होते, हे पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून असंख्य भाविक धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरला पायी जातात. ही वाट सुमारे ४५ किलोमीटरांची. ताशी ५ किलोमीटर या वेगाने, न थांबता, तीस नऊ तास लागतील. मुंबईहून लंडनला थेट जाणाऱ्या विमानासही नऊ-दहा तास लागतात. अंतर मात्र सुमारे ७,२०० किलोमीटर. ‘नऊ तासांवर’ हे विधान दोन्ही स्थळांस सारखेच लागू पडते.

शिवाय उड्डाणकाल हा दोन विमानतळांचा स्थिर गुणधर्म नव्हे. ७,२०० किलोमीटर ही पृथ्वीच्या गोलावरील लघुतम रेषेची लांबी. एखाद्या देशाचे आकाश बंद असल्यास वळसा पडतो. या मार्गावर उंच हवेतील वेगवान वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून परतीच्या उड्डाणास साधारणतः कमी वेळ लागतो. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. शहरे तीच, पण त्यांमधील ‘तास’ निराळे.

लंडनला असलेला मुलगा ‘नऊ तासांवर आहे’ असे धाराशिवातील आईवडील म्हणतात, तेव्हा त्या हिशेबात मुंबई ते धाराशिव हा सुमारे ४०० किलोमीटरांचा रस्ता नसतो; तिकीट, विमानतळावरील तपासणी व प्रतीक्षा हीही नसतात. घरात कोणी अत्यवस्थ असता हाच वगळलेला भाग निर्णायक ठरतो. तेथे विमानतळ ते विमानतळ हे माप अपुरे पडते. उंबरठा ते उंबरठा हेच माप खरे. ‘नऊ तासांवर’ हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु कोठून, कोठवर आणि कशाने, हे सांगितल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही.