बातमी की बोधामृत?

कोठे दंगल उसळली, मोर्चावर लाठी चालली किंवा गोळीबार झाला, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्राची आपण आतुरतेने वाट पाहतो. काय घडले व कशामुळे घडले, हे जाणून घेण्याची आपली इच्छा असते. परंतु पुष्कळदा हाती पडतो तो निवाडा. अमुक लोक ‘समाजकंटक’, तमुक ‘माथेफिरू’, असे शिक्के मारून पत्र वाचकास चार उपदेशाचे शब्द ऐकविते आणि कारणांचा शोध तेथेच थांबतो.

अशा चटकदार, छोट्या आकाराच्या पत्रांना इंग्रजीत ‘टॅब्लॉइड’ म्हणतात. हे नाव मुळात औषधाचे! १८८४ साली बरोज वेलकम या कंपनीने दाबून केलेल्या औषधी गोळ्यांसाठी ते नोंदविले. पुढे गिळण्यास सोप्या अशा आटोपशीर बातमीलाही ते चिकटले. औषधाच्या गोळीत गुण असतो; घाईने वळलेल्या बातमीच्या गोळीत सत्याचा अर्क असतोच असे नाही.

कारणे शोधली म्हणजे काय साधते, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. हे लोक केवळ लुटारू होते, असे म्हणून विषय संपविता आला असता. परंतु त्यांचा मुख्य रोख कर्जरोखे जाळण्यावर होता. माणसांच्या जिवावर ते क्वचितच उठले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव पुढे कोसळले, सारा वाढला आणि शेतकरी कर्जात बुडाला, ही त्यामागची कारणे होत. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला.

याउलट १९०८ साली घडले. मुझफ्फरपूर येथील बाँबस्फोटात दोन इंग्रज स्त्रिया मृत्यू पावल्या. अशी कृत्ये दडपशाहीच्या धोरणातून उद्भवतात, असा युक्तिवाद लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून केला. कारण सांगणे म्हणजेच समर्थन करणे, असा अर्थ सरकारने काढला. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप पुकारला. वस्तुतः कारणमीमांसा आणि समर्थन या भिन्न गोष्टी आहेत. रोगाचे कारण सांगणारा वैद्य काही रोगाचा कैवारी नसतो!

उपदेशाच्या भरात सत्याचा बळी कसा जातो, हे इंग्लंडमध्ये दिसले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉल सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरी झाली. तीत अखेर ९७ माणसे दगावली. चारच दिवसांनी ‘द सन’ या पत्राने ‘सत्य’ अशा मथळ्याखाली प्रेक्षकांवरच किळसवाणे आरोप केले. ते खोटे होते. २०१६ साली ज्यूरीने प्रेक्षकांना निर्दोष ठरविले. पण तोवर मृतांच्या नातलगांनी सत्तावीस वर्षे तो कलंक सोसला होता.

आपल्या सीमाभागास हा प्रश्न परका नाही. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी राज्यपुनर्रचनेविषयीचा निर्णय नभोवाणीवरून जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी बेळगावात निदर्शकांवर गोळीबार झाला. १७ जानेवारी हा दिवस सीमाभागातील मराठी माणूस हुतात्मा दिन म्हणून पाळतो. एकाच घटनेस कोणी ‘लढा’ म्हणतो, कोणी ‘दंगल’. एकाच मृतास कोणी ‘हुतात्मा’, तर कोणी ‘हुल्लडबाज’. ‘गोळीबार झाला’ या वाक्यात तर गोळी कोणी झाडली, कोणाच्या हुकुमाने झाडली, हे सारेच लुप्त होते. मात्र हा दोष केवळ दुसऱ्यांच्या पत्रांत आहे, असे मानणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्या बाजूची पत्रेही समोरच्या साऱ्या समाजास खलपुरुष ठरवितात, आणि ते वाचताना आपणांस गोड वाटते, म्हणूनच तेथे अधिक सावध राहिले पाहिजे.

मग वाचकाने काय करावे? बातमी वाचताना काही प्रश्न मनाशी विचारावेत. लेखकाने स्वतः काय पाहिले आणि ऐकीव काय? पोलिसांप्रमाणे मोर्चातील माणसांचेही म्हणणे दिले आहे काय? कर्ता कोठे लपविला आहे काय? विशेषणे काढून टाकली तर बातमीत काय उरते? या बाबतीत जांबोटीचा विद्यार्थी भाग्यवान आहे. मराठीबरोबर कन्नडही शिकत असल्याने एकाच घटनेची दोन भाषांतील वृत्ते तो शेजारी शेजारी ठेवून वाचू शकतो. दोहोंत समान आढळेल ते बहुधा ग्राह्य धरावे. भिन्न आढळेल तेथे निर्णयाची घाई करू नये.

हिंसेचा निषेध अवश्य व्हावा. परंतु लोक का खवळले, हे न विचारता केलेला निषेध पुढील हिंसा टाळू शकत नाही. निवाडा करण्याचा अधिकार वाचकाचा आहे. त्यासाठी लागणारी साक्ष पुरविणे, हे वृत्तपत्राचे कर्तव्य होय.