शहाण्या व्यापाऱ्यांची शाळा

जानेवारी १६३२. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका जुन्या मठातल्या प्रार्थनागृहात अथेनेअम इलुस्त्रे ही उच्च शिक्षणाची संस्था सुरू झाली. पहिल्या दिवशी बोलले गेरार्ड व्होसिउस, दुसऱ्या दिवशी कास्पार बार्लेउस. बार्लेउसचा विषय होता ‘शहाणा व्यापारी’. विद्या आणि व्यापार यांचं वैर नाही, उलट सोयरीक आहे, असं त्यानं मिरी-मसाल्यावर गबर झालेल्या शहराला अस्सल लॅटिनमध्ये पटवून दिलं. या अथेनेअमचं १८७७ मध्ये विद्यापीठ झालं. त्या दोघा पंडितांची नावं मात्र आज शहरातल्या दोन जिम्नॅशियमवर आहेत.

नेदरलँड्समध्ये जिम्नॅशियम म्हणजे तालीम नव्हे, लॅटिन आणि ग्रीक शिकवणारी सहा वर्षांची माध्यमिक शाळा. पूर्वीच्या लॅटिन शाळांना हे रूप १८७६ च्या कायद्यानं दिलं. वेटरिंगस्खान्स रस्त्यावरची बार्लेउस जिम्नॅशियमची इमारत १८८५ ची. जवळचं राइक्सम्युझियमही त्याच वर्षी उघडलं. १९२६ मध्ये शहरानं दुसरं जिम्नॅशियम काढलं, ते व्होसिउस.

खरं तर तोवर या शाळांचा मुख्य आधार सुटला होता. विद्यापीठाची वाट लॅटिन-ग्रीकवरून जायची, तोवर त्यांचा दरारा समजण्यासारखा होता. १९१७ च्या कायद्यानं विज्ञान आणि वैद्यकाला ती अट उरली नाही. मग या भाषा शिकायच्या कशाला? गंमत अशी, की अट गेली तरी मान राहिला. माझ्या मते तो थोडा त्या निरुपयोगीपणामुळेच राहिला. पोटापाण्याशी संबंध नसलेलं काही आपलं पोर शिकतंय, यातही एक श्रीमंती असते.

युद्धोत्तर डच साहित्यातल्या तीन थोर कादंबरीकारांपैकी विलेम फ्रेडरिक हर्मन्स बार्लेउसचा. दुसरा, गेरार्ड रेव्ह, व्होसिउसमध्ये होता. तो शिक्षण अर्धवट टाकून बाहेर पडला. दोघेही पुढे जन्मभर मान्यवरांशी भांडत राहिले. याचं श्रेय शाळांना द्यावं की नाही, कोण जाणे.

या कीर्तीच्या मधोमध एक काळं पान आहे. व्होसिउसमध्ये याकोब प्रेसर इतिहास शिकवायचे. नाझी अमलात १९४० च्या अखेरीस ज्यू शिक्षकांना सरकारी नोकरीतून दूर केलं, त्यात तेही गेले. पुढच्या वर्षी ज्यू मुलांनाही त्यांच्या शाळांतून काढून वेगळ्या शाळांत बसवलं. त्यांपैकी ज्यू लायसियम या शाळेत प्रेसर शिकवू लागले. अ‍ॅन फ्रँक त्याच शाळेची विद्यार्थिनी. प्रेसरांच्या पत्नीला सोबिबोरच्या छावणीत मारलं गेलं. डच ज्यूंच्या संहाराचा त्यांनी लिहिलेला इतिहास १९६५ मध्ये आला.

आज तक्रार वेगळी आहे. बाराव्या वर्षीच प्राथमिक शाळेच्या शिफारशीनं मुलांच्या वाटा फुटतात, आणि जिम्नॅशियमच्या वाटेवर उच्चशिक्षित घरांतलीच मुलं जास्त दिसतात. म्हणजे सरकारी खर्चाची शाळा असूनही एक न दिसणारं दार असतंच. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तर नावाजलेल्या शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त होतात. मग निघते सोडत, आपल्याकडे म्हाडाच्या घरांची निघते तशी. होमर वाचायला मिळणार की नाही, हे पोराच्या नशिबी आलेल्या आकड्यावर ठरतं.