आडात तेच पोहऱ्यात

घरातल्यांच्या तोंडात काय जातं याची आपण बायका किती काळजी घेतो! तांदूळ निवडायचे, पीठ चाळायचं, पाणी गाळायचं, दूध दोनदा तापवायचं. मुलानं रस्त्यावरचं उघडं काही खाल्लं, तर दिवसभर जिवाला घोर लागतो. पण मैत्रिणींनो, त्याच तोंडातून जे बाहेर पडतं ते निवडायला किंवा चाळायला आपण कधी बसतो का?

हा मुद्दा येशू ख्रिस्तानं जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी मांडला होता. तुझे शिष्य जेवणापूर्वी रीतीप्रमाणे हात धूत नाहीत, अशी तक्रार घेऊन काही धर्मपंडित त्याच्याकडे आले. तक्रार स्वच्छतेची नव्हती, सोवळ्याओवळ्याची होती. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही हकिगत आहे. येशूनं त्यांना जे सुनावलं त्याचा आशय असा, की अन्न पोटात जातं आणि निघून जातं, त्यानं माणूस बाटत नाही. तोंडातून जे निघतं ते थेट मनातून येतं, आणि माणसाला बाटवतं ते तेच.

आपल्या मराठी घरांना हे समजायला अवघड जाऊ नये. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपल्या आज्या-पणज्या म्हणतच आल्या. पोहरा म्हणजे आपली जीभ आणि आड म्हणजे मन. पोहरा कितीही घासून लख्ख केला, तरी वर येणार ते आडातलंच पाणी!

दारात पेढे येतात तेव्हा

मनात जे काठोकाठ भरलेलं असतं तेच तोंडावाटे सांडतं, ही शिकवण येशूनं कोणत्या प्रसंगी दिली ते पाहण्यासारखं आहे. त्यानं एका आंधळ्या आणि मुक्या माणसाला बरं केलं होतं. तो माणूस पाहू लागला, बोलू लागला. जमलेली माणसं थक्क झाली. केवढी आनंदाची गोष्ट! पण तिथल्या परुश्यांना, म्हणजे धर्मनियम कडकपणे पाळणाऱ्या मंडळींना, ते बघवलं नाही. हा भुतांच्या सरदाराशी संधान बांधून हे करतो, असं ते बोलू लागले. एका माणसाला डोळे मिळाले होते, वाचा मिळाली होती, आणि यांच्या तोंडी आला तो आरोप. त्यावर येशूनं सांगितलं, की झाडाची पारख फळावरून होते आणि माणसाची त्याच्या बोलण्यावरून.

आता हा प्रसंग आपल्या बिल्डिंगमध्ये आणून पाहू या. शेजारणीची मुलगी पहिल्याच परीक्षेत बँकेत लागते. शेजारीण पेढे घेऊन दारात येते. आपण तोंडभर अभिनंदन करतो, आणि दार लावता लावता म्हणतो, "असेल कुणाची तरी ओळख!" धाकट्या जावेनं नवा फ्लॅट घेतला, की "हप्ते फेडता फेडता कळेल!" नणंदेच्या मुलीचं चांगल्या घरी जमलं, की "मुलगा तसा बुटकाच आहे, नाही?"

एवढ्यानं कुणाचं काय बिघडलं, असं वाटेल. कदाचित कुणाचंच नाही. पण अशी वाक्यं शेजारणीबद्दल काहीच सांगत नाहीत. ती सांगतात आपल्याबद्दल. आपली मुलगी दोनदा परीक्षेला बसूनही लागली नाही हे सलतंय, जावेपुढे आपण मागे पडलो ही बोच आहे. थर्मामीटरवर ताप दिसला म्हणून थर्मामीटर कुणी आपटत नाही, औषध माणसाला देतात. जिभेचंही तसंच आहे. नुसती जीभ चावून गप्प बसलं, तर ताप उतरत नाही, फक्त दिसेनासा होतो.

सहज निघालेला शब्द

याच प्रसंगी येशू आणखी एक कडक गोष्ट सांगतो. माणसाच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक निष्काळजी शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल. पहिल्यांदा वाचताना हे जरा जाचकच वाटतं. मोठमोठ्या खोट्या साक्षींचा हिशेब मागावा हे ठीक, पण सहज बोललेल्या शब्दाचा कशाला?

विचार केला की कळतं. पाहुण्यांपुढे आपण जे बोलतो ते दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटासारखं असतं, पुसून मांडलेलं. खरं घर कळतं ते अवेळी कुणी आलं तरच. कामाला येणाऱ्या बाईच्या हातून कप पडून फुटतो. त्या क्षणी पहिलं वाक्य कोणतं निघतं? "हाताला लागलं का गं?" की "मोडलास ना सेट!" विचार करायला तिथे वेळच नसतो. म्हणून ते वाक्य खरं असतं.

एकदा मुलांची भातुकली आडोशाला उभं राहून ऐका. बाहुलीला जेवू घालताना आपली मुलगी कोणत्या शब्दांत बोलते? "गिळ पटकन" म्हणते की "खाऊन घे हं राजा" म्हणते? ती आपल्याला आपलेच शब्द परत करत असते, तेही आपल्याच सुरात.

गोड बोलणं म्हणजे चांगलं मन?

मग सगळ्यांशी गोड बोललं की झालं, असं कुणी म्हणेल. तसं नाही हो! येशूला शत्रूंच्या हाती देणारा यहूदा इस्कार्योत त्या रात्री बागेत आला तो आदरानं 'गुरुजी' म्हणत आणि मुका घेत. वरून सगळं किती गोड! उलट, दिवसभर करवादणारी एखादी सासू सुनेच्या बाळंतपणात पंधरा रात्री जागून काढते. तिच्या शब्दांना काटे आहेत, पण फणस कापला की आत गरे निघतात. म्हणून तर फळाची खूण दिली आहे. झाड एका दिवसात ओळखू येत नाही. चार ऋतू पाहावे लागतात.

तरीही काट्यांचं समर्थन नको. एकाच झऱ्यातून गोड आणि खारट पाणी कसं येईल, असा प्रश्न याकोबानं आपल्या पत्रात केला आहे. देवाची स्तुती करणाऱ्या तोंडानंच आपण माणसांना शिव्याशाप देतो, हे त्याला पटत नाही. रविवारी देवळात गाणं म्हणायचं आणि घरी येताच रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून नको ते बोलायचं, हे आम्हा ख्रिस्ती घरांत घडत नाही असं नाही.

कधी कधी तर आपलं मन आपल्यालाच ठाऊक नसतं. पेत्राची गोष्ट पाहा. मरावं लागलं तरी तुला सोडणार नाही, असं तो येशूला म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता. त्याच रात्री महायाजकाच्या वाड्यात कोळशांच्या शेगडीपाशी शेकत असताना एका दासीनं विचारलं, तर त्यानं ओळखच नाकारली. असं तीनदा झालं. गंमत म्हणजे त्याचं बोलणं गालील प्रांताच्या धाटणीचं, आणि त्यावरूनच लोकांनी त्याला ओळखलं. सत्य तर जिभेवरच होतं! आपण किती भित्रे आहोत हे त्याला स्वतःच्या शब्दांनी दाखवलं, आणि तो बाहेर जाऊन रडला.

पुढे योहान सांगतो, की मरणातून उठल्यावर येशू त्याला सरोवराच्या काठी भेटला. तिथेही कोळशांचा विस्तव होता. येशूनं त्याला टोचून काही विचारलं नाही. माझ्यावर तुझी प्रीती आहे का, एवढंच विचारलं, तेही तीनदा. नाकारताना जेवढे शब्द गेले होते, तेवढेच परत बोलायची संधी दिली. बिघडलेल्या बोलण्यावर उपाय आहे तो हा. मन बदलून पुन्हा बोलायचं.

पंडितेची साधी मराठी

चांगल्या मनाचे शब्द कसे असतात याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर नाचत होतं. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती सदनात निराधार बायका-मुलींमध्ये राहिल्या आणि उतारवयात त्यांनी बायबलचं भाषांतर हाती घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एवढी विद्वान बाई, जडजंबाल संस्कृत शब्दांचा डोंगर रचू शकली असती. पण नुकतंच लिहायला-वाचायला शिकलेल्या बाईलाही कळावी अशी साधी मराठी त्यांनी निवडली. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झालं. मुक्ती सदनातल्या बायकांनीच खिळे जुळवून ते छापलं. रमाबाईंच्या मनात कोण बसलं होतं, ते त्यांच्या शब्दांवरून कळतं.

मुकाट्यानं सोसा असा याचा अर्थ नाही

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे बाईनं आणखी गप्प बसायचं का? मुळीच नाही. महायाजकापुढे उभं असताना एका शिपायानं येशूच्या तोंडात मारली, तेव्हा तो गप्प राहिला नाही. मी वावगं बोललो असेन तर दाखव, नाहीतर का मारलंस, असा सरळ प्रश्न त्यानं केला. त्यात शिवी नाही आणि भीतीही नाही. स्वच्छ मनातून स्पष्ट शब्दही येतात.

मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणं हे पुष्कळ घरांत नेहमीचं बोलणं समजलं जातं. पण घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ सालच्या कायद्यानं अशा अपमानाला आणि नावं ठेवण्याला शाब्दिक व भावनिक हिंसाचार म्हटलं आहे. असं सोसणाऱ्या बाईनं संरक्षण अधिकाऱ्याकडे जावं किंवा महिलांसाठीच्या १८१ या हेल्पलाइनवर बोलावं. आणि आपण सासूच्या जागी असू, तर आपल्या तोंडचं 'सहज बोलणं' कायद्याच्या कोणत्या रकान्यात बसतं, तेही तपासावं.

आड उपसायचा कसा?

रोज रात्री पाच मिनिटं बसा. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोलानं आपल्या अनुयायांना रोज दोनदा, दुपारी आणि रात्रीच्या जेवणानंतर, मनाची झडती घ्यायला शिकवलं. विचार, शब्द आणि कृती या तिन्हींची झडती. मिस्साच्या सुरुवातीला पापकबुलीची जी प्रार्थना म्हणतात, तिच्यातही हाच क्रम आहे. शब्द उभा आहे तो विचार आणि कृती यांच्या मधोमध, उंबरठ्यासारखा. घरात शिरणाऱ्याला अडवायचं तर उंबरठ्यावरच अडवावं.

दिवसातलं एकच वाक्य आठवा, जे बोलायला नको होतं. ते कुणाला लागलं हे पाहाच, पण ते आपल्यात कुठून आलं हेही विचारा. हेवा होता, भीती होती, की नुसती दमणूक? दमणूक असेल तर लवकर झोपा. प्रत्येक तिखट शब्दामागे मोठं पाप असतं असं नाही, कधी दुपारचं जेवण राहून गेलेलं असतं! हेवा असेल, तर ज्याचा हेवा वाटतो त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. पहिले चार दिवस शब्द ओठातून निघत नाहीत. मग निघतात.

चारचौघांत बोललो असू, तर माफीही चारचौघांतच मागा. सुनेला पाहुण्यांपुढे लागेल असं बोलायचं आणि स्वयंपाकघरात हळूच "मनावर घेऊ नकोस हं" म्हणायचं, हा हिशेब जुळत नाही. मुलाला उगाच रागावलो असू, तर मुलाजवळही तसं म्हणावं. त्यानं आईचा मान कमी होत नाही.

आणि आडात चांगलं पाणी येऊ द्या. दिवसभर कुणाची उणीदुणी ऐकली, तर संध्याकाळी पोहऱ्यात तेच येणार. रोज एकाबद्दल तरी, त्याच्या पाठीमागे, चांगलं बोलून पाहा. तोंडावर केलेल्या कौतुकात थोडा हिशेब असू शकतो. पाठीमागे केलेल्या कौतुकात तो नसतो.

उद्या शेजारीण पुन्हा पेढे घेऊन येईल. तिच्यापुढे अभिनंदन कराल ते कराच. पण दार लावल्यावर आपल्या तोंडून काय निघतं, तिकडे कान द्या. देव ऐकतो ते वाक्य तेच, आणि पलीकडच्या खोलीत अभ्यास करत बसलेली आपली मुलगीही तेच ऐकत असते.